नैनितालचे तळे कोणाचे?



समुद्रसपाटीपासून सुमारे 1,938 मीटर उंचीवर, कुमाऊंच्या डोंगरांच्या कुशीत असलेले नैनितालचे तळे उन्हाळ्यात गारव्यासाठी आणि हिवाळ्यात बर्फासाठी विकले जाते. ‘विकले जाते’ हा शब्दप्रयोग कठोर वाटेल. परंतु खिडकीतून तळे दिसते की नाही यावर हॉटेलातील खोलीचे भाडे ठरत असेल, तर दुसरा कोणता शब्द वापरावा? या व्यवहारात एक गोष्ट मात्र सांगितली जात नाही. ज्या पाण्यावर पाहुण्यांच्या होड्या फिरतात, त्याच पाण्यावर शहराची तहान भागते.

1841 साली शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन येथे आला आणि त्यानंतर गोऱ्यांची वसाहत उभी राहिली. पुढे संयुक्त प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले. वरचा मॉल रस्ता साहेबाचा, खालचा नेटिव्हांचा, अशी रस्त्यांचीही वर्णव्यवस्था होती. डोंगराने ती पाळली नाही. 18 सप्टेंबर 1880 रोजी कडा कोसळून 151 माणसे गाडली गेली. त्यांतील 108 हिंदी होती. त्यानंतर राज्यकर्त्यांनी उतारांवर नाल्यांचे जाळे बांधले. त्याबद्दल साम्राज्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्यामागे स्वतःचे बंगले वाचविण्याची चिंता होतीच. पण पाण्याला वाट ठेवावी लागते एवढे त्यांना उमगले होते.

तळ्याच्या वरच्या अंगाला सूखाताल नावाचा एक खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, एरवी तो कोरडाच. साचलेले पाणी जमिनीतून झिरपत सावकाश मोठ्या तळ्याला मिळते. पण कोरडी दिसणारी जागा बाजाराच्या हिशेबी रिकामी जागा ठरते. तेथे घरे झाली, राडारोडा पडला, मोटारी उभ्या राहिल्या. 2017 च्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी इतकी खालावली की काठचा गाळ उघडा पडला. हेच दिवस पर्यटकांच्या गर्दीचे. नळ आटला तर हॉटेलमालक टँकर विकत घेऊ शकतो; होडी वल्हवणाऱ्याने किंवा पाठीवर ओझी वाहणाऱ्या नेपाळी हमालाने काय करावे?

इतिहासकार अजय रावत यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली बहुमजली व्यापारी इमारतींना मनाई केली, सांडपाणी तळ्यात जाऊ देऊ नये असे बजावले, मॉलवरील अवजड वाहने रोखली. घोड्यांची लीद तळ्यात पडू नये, हेही सांगितले. यांपैकी घोडेवाल्याला शिस्त लावणे सर्वांत सोपे, हे सांगायला नकोच! 2007 पासून तळ्याच्या तळाशी यंत्राने हवा सोडावी लागते आहे. ऑगस्ट 2018 मध्ये तर खालच्या मॉल रस्त्याचा एक तुकडाच तळ्यात खचला.

पर्यटन बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यावर गरिबांच्याही चुली पेटतात. परंतु किती खोल्या बांधायच्या हे तळ्यातील पाणी पाहून ठरले पाहिजे, आणि ते ठरविणाऱ्या बैठकीत हॉटेलमालकांच्या शेजारी नावाडी आणि हमालही बसला पाहिजे. त्या बैठकीपुढचा पहिला विषय सूखातालचा असावा: तेथे यापुढे एकही वीट रचली जाऊ नये.