हजेरीपटातला खाडा आणि अर्धशिशी
(कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



तुटलेल्या बोटाची भरपाई आपल्या चळवळीने मागितली, फुप्फुसात साचलेल्या कापसाच्या तंतूंचीही मागितली. आज मी अशा दुखण्याविषयी बोलणार आहे की ज्याचा व्रण दिसत नाही. म्हणून मुकादमाचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि खरे सांगायचे तर आपलाही बसत नाही. हे दुखणे म्हणजे अर्धशिशी.

अर्धशिशी ही सबब नव्हे. तो मज्जासंस्थेचा विकार आहे. उपचार न झाल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. ओकाऱ्या होतात, उजेड आणि आवाज सोसवत नाही. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि ऐन कमावत्या वयात तो अधिक छळतो. झोपेची वेळ मोडली, जेवण चुकले, की तो उसळतो. फिरती पाळी म्हणजे याहून निराळे काय असते?

आता कायद्याकडे पाहू. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारभत्ता दिला, ही मोठीच कमाई होती. परंतु त्यात आजारपणाचे पहिले दोन दिवस वगळलेले होते; आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजार उद्भवला तरच ही अट सुटे. महिन्यातून एकदा दीड दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या कामगार स्त्रीच्या पदरात मग काय पडले? मजुरी बुडाली, भत्ताही नाही. वर्षाला बारा झटके, तितकेच खाडे. पुढे ‘बेभरवशाची’ असा शेरा, आणि बढतीच्या यादीतून नाव गळाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यांत अर्धशिशीचे नाव नाही.

मग माणूस गोळी गिळून यंत्रापुढे उभा राहतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ वा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडते. खाडा वाचतो, माणूस खचतो.

म्हणून आपल्या मागणीपत्रकात तीन कलमे आली पाहिजेत : पहिल्या दिवसापासून भरपगारी आजाररजा, अशा रुग्णाला स्थिर पाळी, आणि खाड्यावरून कारवाई करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी. चौथे कलम आपल्या स्वतःसाठी आहे. सभेतून एखादी कार्यकर्ती डोके धरून उठून गेली, तर तिच्या निष्ठेविषयी शंका घेऊ नका. न दिसणाऱ्या वेदनेवर आपणच विश्वास ठेवला नाही, तर तो मालकाने ठेवावा असे कोणत्या तोंडाने म्हणणार?