खर्डा, मसुदा आणि प्रारूप



आजचा विषय एका शब्दाचा आहे. खरे म्हणजे एकाच वस्तूच्या तीन शब्दांचा. इंग्रज जिला 'ड्राफ्ट' म्हणतो, तिला आपल्याकडे खर्डा म्हणतात, मसुदा म्हणतात आणि प्रारूप असेही म्हणतात. तिन्हींचा अर्थ कोशात एकच. व्यवहारात मात्र ते तीन निराळ्या दारांतून आत येतात, आणि त्यांतले एक दार आपल्यापैकी पुष्कळांना दिसतच नाही, अशी आमची तक्रार आहे.

इंग्रजी शब्दाचे मूळ ओढण्यात आहे. गाडी ओढणारा बैल, धुराड्यातून वर ओढली जाणारी हवा, कागदावर ओढलेली रेघ, खात्यातून ओढलेला पैसा, या साऱ्यांना त्या भाषेत हा एकच शब्द पुरतो. आपण ही कामे वाटून टाकली. खिल्लार बैल ओढकामाचा, धुराड्याला ओढ चांगली, आणि बँकेतला ड्राफ्ट तो धनाकर्ष. या धनाकर्षाची गंमत अशी की, नावात कच्चेपणा असला तरी बँकेच्या खिडकीतून बाहेर येणाऱ्या कागदांत तो सर्वांत पक्का. पैसे आधी मोजून दिल्यावाचून तो हातात पडत नाही.

खर्डा मात्र अस्सल घरचा. खरडणे या क्रियापदाचा हा मुलगा, आणि त्याची भावंडे फारशी नावाजलेली नाहीत. साहेब कारकुनाची काढतो ती खरडपट्टी आणि कारकून जन्मभर करतो ती खर्डेघाशी. कोल्हापूरकडे गेलात तर खर्डा ताटात येतो. हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर परतून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचे. बारीक वाटला की तो खर्डा राहत नाही, चटणी होते. ओबडधोबड राहण्यातच त्याची चव. कागदावरच्या खर्ड्याचेही असेच आहे असे आम्हांला वाटते. त्यात खाडाखोड असते, समासात ओळी घुसवलेल्या असतात, आणि ते पाहून कोणालाही धीर येतो की, यात आपणही एखादा शब्द बदलू शकू. (जामखेड तालुक्यातले खर्डा गाव, जिथे १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, ते आम्ही या नात्यागोत्यात ओढत नाही. गावांच्या नावांची व्युत्पत्ती सांगून पूर्वी आम्ही एकदा फजीत झालो आहोत.)

मसुदा दूरचा पाहुणा. अरबीत 'काळा' या अर्थाचा धातू आहे, त्यापासून तो निघाला. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. स्वच्छ प्रतीला त्या भाषेत 'पांढरी केलेली' म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात रुळला तो काळाच. वकिलाच्या घरी खरेदीखताचा मसुदा होतो, लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याच्या यादीचा होत असे. मसुदा दोन्ही पक्षांनी वाचायचा, मान हलवायची, मग पक्के लिहायचे आणि शेवटी शिक्कामोर्तब.

या शब्दाला सर्वांत मोठा मान मिळाला तो २९ ऑगस्ट १९४७ रोजी. त्या दिवशी घटना परिषदेने सात जणांची मसुदा समिती नेमली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार होऊन प्रसिद्ध झाला. त्यात ३१५ कलमे होती. सभागृहात तो मांडला गेला नोव्हेंबरात, म्हणजे मधले आठ महिने तो लोकांपुढे उघडा पडला होता. दुरुस्त्यांच्या सूचना आल्या ७,६३५ आणि प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली तेव्हा कलमे ३९५ झाली होती. मसुद्याला हात लावलेला खपतो, किंबहुना तो हात लावण्यासाठीच असतो, हे याहून मोठ्या प्रमाणावर कोणी दाखवल्याचे आम्हांला आठवत नाही.

तीच रीत पुढे खालच्या कायद्यांत उतरली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा आधी कच्च्या रूपात प्रसिद्ध करावा लागतो, राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. मतदारयादीचेही तसेच. पण या सर्व ठिकाणी छापतात तो शब्द खर्डा नव्हे, मसुदाही नव्हे. तो 'प्रारूप'. संस्कृतातून घडवलेला, इस्त्रीचा, कुठे खाडाखोड नसलेला.

आमच्या शेजारी एक किराणा दुकानदार आहेत. गावाच्या प्रारूप आराखड्यात रस्ता रुंद झाला आणि त्याची रेघ यांच्या ओट्यावरून गेली. सूचना वर्तमानपत्रात रीतसर आली होती. ते वर्तमानपत्र यांच्याच रद्दीत होते, आणि मुदत संपल्यावर जिऱ्याची पुडी बांधताना त्यांना ते दिसले. तसेच उठून ते आमच्याकडे आले.

"मास्तर, प्रारूप म्हणजे काय हो?"

आम्ही म्हणालो, "खर्डा. कच्चा आराखडा."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग खर्डा म्हणायला काय झालं होतं? खर्डा आहे म्हटल्यावर मी धावत गेलो असतो. हे वाचून वाटलं, सगळं ठरून गेलंय."

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. कायदा पाळला गेला होता, जाहिरात निघाली होती, कोणी काही लपवले नव्हते. दार उघडे होते आणि त्यावर पाटी बंद दाराची वाटावी अशी होती. भाषाशुद्धीला आमचा विरोध नाही. धनाकर्षासारखा नेमका शब्द आम्हांला आवडतोही. पण ज्या कागदावर लोकांनी बोलायचे आहे, त्याच्या माथ्यावर लोकांच्या तोंडातला शब्द नको काय? 'कच्चा आराखडा, बदल सुचवा' एवढ्या चार शब्दांनी नगररचनेचे काय बिघडले असते?

शेजाऱ्यांचा ओटा पुढे गेला. दुकान चार हात मागे सरकून चालू आहे. मात्र आता रद्दी आली की ते पुड्या करण्याआधी जाहीर सूचनांचे पान बाजूला काढतात, आणि अडलेला शब्द बोटाखाली धरून आमच्या दारात उभे राहतात. परवा 'अधिसूचना' घेऊन आले होते.