कोळपणी हुरुपावर होत नाही

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. मीही त्यावरच बोलेन असे तुम्हाला वाटले असेल. पण आज मी भावावर बोलणार नाही, पायांवर बोलणार आहे.

आधी एक करा. ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी हात वर करा. लाजू नका, मीही केला आहे. आता मान वळवून मागे पाहा. तीस वर्षांपूर्वी अशा बैठकीत हा प्रश्न विचारला असता तर लोक हसले असते. गादीवर बसणाऱ्यांचा हा रोग, रानात राबणाऱ्याला कशाला होतोय, असे आपण समजून होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. खेड्यांतही शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ.

या रोगाने आमच्या घराचे काय केले ते सांगतो. वडिलांना साखर होती. पायाची जाणीव कमी होत चालली होती, ते त्यांना कळले नाही आणि आम्हालाही कळले नाही. ज्वारी काढलेल्या रानातून अनवाणी येताना तळपायात धस घुसला. चार दिवस त्यांना पत्ताच नव्हता. आईला अंथरुणावर रक्त दिसले तेव्हा समजले. आधी अंगठा गेला, मग घोट्याच्या वरून पाय गेला. दवाखान्यापायी दोन एकर विकले. त्या वर्षीचे पीककर्ज बँकेच्या वहीत कापसाचे म्हणून लिहिलेले आहे. त्यातला एक रुपयाही कापसाला लागला नाही. आपण कर्जाचा हिशेब मांडतो तेव्हा खत, बियाणे, फवारणी, मजुरी लिहितो. दवाखान्याचा रकाना आपण कधी पाडलाच नाही.

मला स्वतःला २०१७ साली साखर निघाली. वय ३९. मी कृषी पदवीधर, पीक कुठे आणि का बिघडते हे शिकलेला माणूस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. मी बाजारातून पांढरे बूट आणले आणि दुसऱ्याच दिवसापासून सहा किलोमीटर चालू लागलो. अकरा दिवस चाललो. बाराव्या दिवशी पाऊस आला, तेराव्या दिवशी दौरा निघाला, पंधराव्या दिवशी मन म्हणाले, खंड पडलाच आहे तर आता एक तारखेपासून धरू. ती एक तारीख चार महिने उगवली नाही. असे मी तीनदा सुरू केले आणि तीनदा सोडले. पुढे पुढे डॉक्टरांकडे जाणेच टाळू लागलो, कारण गेलो की ते चालण्याचे विचारणार. म्हणजे चालणे तर सुटलेच, वर तपासणीही सुटली.

अशात एका गावात रब्बी ज्वारीवर बोलत होतो. नेहमीचेच सांगत होतो. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या. एका काकांनी विचारले, ‘तिन्ही एकदमच आठव्या आठवड्यात केल्या तर?’ लोक हसले. मी म्हणालो, ‘काका, तोवर ओल उडून गेलेली असते.’ ते म्हणाले, ‘मग तुमच्या चालण्याचं काय हो? तीन कोळपण्या एकाच दिवशी करता आणि पुढं चार महिने औत दावणीला टेकवून ठेवता. आम्ही बघतोय की.’

मला उत्तर सुचले नाही. परतीच्या वाटेवर सुचले, आणि तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

कोळपणी आपण हुरूप आला म्हणून करतो का? नाही. कंटाळा असतो, ऊन असते, बैलही नको म्हणतात. पण आठवडा आला की औत जुंपायचे. त्यात मनाला कोणी विचारत नाही. दुसरे असे की कोळप्याने रानात पाण्याचा एक थेंबही पडत नाही. ते भेगा बुजवते, तण काढते आणि जमिनीत आहे ती ओल राखते. म्हणून तर दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी असे आपल्याकडे म्हणतात. चालण्याने रोग जात नाही, आहे ती ओल राखली जाते.

हे नुसते उदाहरण नाही, शरीराचे काम तसेच चालते. पायाचे स्नायू हलू लागले की ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. चालणे थांबल्यावरही एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला चांगली दाद देते. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून मधुमेहाचे डॉक्टर सांगतात, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. रविवारी बारा किलोमीटर चालून आठवडाभर बसणारा माणूस आठव्या आठवड्यात तीन कोळपण्या करणाऱ्यासारखाच आहे.

आता तुमचा आक्षेप मला माहीत आहे. ‘साहेब, आम्ही दिवसभर रानातच असतो, आणखी काय चालायचं?’ प्रश्न रास्त आहे. ज्या बहिणी सकाळपासून सांजेपर्यंत कापूस वेचतात त्यांना आणखी चाला म्हणण्याची माझी हिंमत नाही. त्यांना वेळेवर जेवण, विश्रांती आणि तपासणी मिळाली पाहिजे. पण आपण पुरुषांनी खरे बोलू. रानापर्यंत मोटारसायकल जाते. नांगरट ट्रॅक्टरने होते. तणावर फवारा मारतो. खुरपणी आणि वेचणी बायकांकडे. आणि शेवटची वेचणी झाली, ज्वारी घरात आली की मृगापर्यंत आपण पारावर असतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे कष्ट हंगामी आहेत. रोग बारमाही आहे.

मग हे टिकवायचे कसे? माझे टिकले ते चार गोष्टींनी.

पहिली गोष्ट, चालणे जेवणाला बांधा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा ४१ मधुमेहींवरचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसात केव्हाही एकदा अर्धा तास चालणे आणि तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालणे, अशी ती तुलना होती. जेवणानंतरची साखर दहा-दहा मिनिटांनी जास्त उतरली आणि सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. रात्री हात धुतला की वेशीपर्यंत जाऊन यायचे. त्याला बूट लागत नाहीत, पहाटे उठावे लागत नाही. पायात चांगली चप्पल आणि हातात बॅटरी, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट, चालण्याला काम द्या. खेड्यात बिनकामाचे चालणे अवघड असते. मी बूट घालून निघालो की प्रत्येक दारातून प्रश्न येई, ‘साहेब, गाडी बिघडली का?’ चार दिवसांत माणूस शरमून घरी बसतो. म्हणून मी कामगंध सापळ्यांचे काम अंगावर घेतले. माझा कापूस घरापासून दीड किलोमीटरवर आहे. हंगामात रोज सकाळी पायी जातो, सापळ्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतो, वहीत लिहितो आणि पायी परत येतो. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले की उपायाची वेळ आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडीवर जाणारा आठवड्यातून एकदा मोजतो आणि सलग तीन दिवस त्याला कधीच कळत नाहीत. त्या फेरीने पीकही राखले आणि मलाही. उन्हाळ्यात सापळे नसतात, तेव्हा दूध घालायला पायी जातो. काम कुठलेही चालेल, पण असावे.

तिसरी गोष्ट, मस्टर ठेवा. रोजगार हमीवर हजेरी लागते तशी. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा होतात, त्याच चौकोनात माझ्या चालण्याची खूण मंडळी करतात. किती चाललो ते लिहीत नाही, गेलो की नाही एवढेच. दहा हजार पावलांच्या आकड्याला भिऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला. बियाण्याच्या पिशवीवर चित्र असते, त्यातलाच तो प्रकार. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, जुना आजार असलेल्यांनाही तेवढीच, आणि तेवढे जमले नाही तरी काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे असेही सांगते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खाडा पडणारच. ताप येईल, घरात लग्न निघेल, सांधे धरतील, काही दिवस नुसते उठावेसेच वाटणार नाही. दीर्घ आजारात असे दिवस येतात. तो आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे. अंगात ताप किंवा चक्कर असेल तर चालूही नका. पण कापसात नांगे पडले म्हणून कोणी सगळे रान मोडत नाही, आपण नांगे भरतो. तसे ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी, एक तारखेची वाट न पाहता, वेशीपर्यंत जाऊन यायचे. मी तीनदा सोडले ते खाड्याने नाही सोडले. खाडा पडल्यावर स्वतःला दोष देत बसलो, त्याने सोडले.

आता काळजीचे चार शब्द. अनवाणी चालू नका, रानात तर मुळीच नाही. रोज रात्री दोन्ही तळपाय दिव्यापुढे पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. वडिलांच्या पायाकडे आम्ही रोज पाहिले असते तर तो पाय राहिला असता, असे मला आजही वाटते. इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली की खाली बसा आणि साखर खा. छातीत दाब आला किंवा दम लागला तर तिथेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा. वैशाखात नऊनंतर उन्हात चालू नका. आणि चालायला लागलो म्हणून गोळी बंद करू नका. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही.

माझे काय झाले? साखर गेली नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी सुरुवातीला ९.८ होती, ती आता ७.३ च्या आसपास असते. दोन गोळ्या अजून चालू आहेत. मला चमत्कार सांगायचा नाही. काही दिवस आजही पाय उचलत नाहीत. पण वडिलांचा पाय गेला त्या वयाकडे मी दोन्ही पायांवर चाललो आहे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत गेले. सुमारे १८० किलोमीटर, सात दिवस. तळपायांची सालटी निघालेल्या म्हाताऱ्या बायांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली. रागाच्या भरात माणूस सात दिवस चालू शकतो. पण राग रोज सकाळी येत नाही. पंढरीची वाट पाहा. शेगावची पालखी महिनाभर चालते. त्यातल्या प्रत्येक वारकऱ्याला रोज सकाळी हुरूप असतो असे थोडेच आहे? पालखी निघण्याची वेळ ठरलेली असते आणि शेजारचा माणूस उठलेला असतो, म्हणून तो उठतो. एकट्याचे बळ संपते तिथे दिंडीचे सुरू होते.

म्हणून या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक गावच्या शाखेत ज्यांना आजार आहे त्यांच्या जोड्या लावा. औत एका बैलाने ओढत नाही. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने निघायचे. दोन, पुढच्या बैठकीपूर्वी प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि तिथे गोळ्या मिळत नसतील तर ते शाखेला कळवावे. मग ते आपल्या मागण्यांच्या यादीत घालू. तीन, पुढची जिल्हा बैठक दहाला असेल तर आपण साडेनऊला बाजार समितीच्या फाटकापाशी जमू आणि तिथून मंडपापर्यंत पायी येऊ. ज्यांना जमत नाही त्यांनी अर्ध्या वाटेवर सामील व्हावे.

चालल्याने कापसाला भाव मिळत नाही, हे मला माहीत आहे. भाव भांडूनच घ्यावा लागेल. पण भांडायला जाताना दोन्ही पाय सोबत असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज रात्री जेवण झाले की खाटेवर बसू नका. आधी वेशीपर्यंत जाऊन या.

रामराम.