बँकेच्या लिलावातील घर : बोलीनंतरची प्रतीक्षा

कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेल्या घराची विक्री 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार होते. यवतमाळ, पुसद, वणी अशा शहरांत सहकारी बँकांचा मोठा ग्राहकवर्ग आहे. त्या बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2020 रोजी स्पष्ट केले. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. मग कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस दिली जाते. रक्कम न भरल्यास बँक ताबा घेते. त्यासाठी ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे साहाय्य मागू शकते. मूल्यांकनानंतर राखीव किंमत ठरते आणि लिलावाची जाहिरात निघते.

सर्वोच्च बोली लावणाऱ्याला अनामत रकमेसह 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. विक्रीला बँकेची मान्यता मिळाल्यापासून उरलेली रक्कम साधारणतः 15 दिवसांत भरायची असते. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. मुदत चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होऊ शकते. पूर्ण रक्कम भरल्यावर विक्री प्रमाणपत्र मिळते.

विलंबाचे एक मोठे कारण कर्जवसुली न्यायाधिकरणातील वाद हे असते. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार 45 दिवसांत तेथे दाद मागू शकतो. म्हणून बोलीपूर्वीच प्रलंबित दावे, प्रत्यक्ष ताबा, मालमत्ता कर आणि वीजबिलाची थकबाकी तपासणे आवश्यक असते.