बीटा आलंय... टाकू का?

एखाद्या टूलची नवी आवृत्ती येणार म्हटलं की मला हमखास मेसेज येतात, "दादा, बीटा आलंय, टाकू का?" आज त्यावरच बोलू. माझं उत्तर एका शब्दात नाहीये. तुमच्या लॅपटॉपवर त्या आठवड्यात काय चालू आहे, त्यावर ते ठरतं.

आधी बीटा म्हणजे काय, ते बघू. पायथॉनचंच घ्या. हल्ली दर ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते. त्याआधी अल्फा, मग बीटा, मग रिलीज कँडिडेट. अल्फामध्ये नवी फीचर्स भरती होत असतात. मे महिन्याच्या आसपास पहिला बीटा येतो आणि भरती बंद. तिथून पुढे फक्त दुरुस्त्या.

ऐकून वाटतं, म्हणजे जवळजवळ तयारच की! पण हे दार आत यायला बंद असतं, बाहेर जायला उघडंच असतं.

पायथॉन ३.१३ चं उदाहरण सांगतो. ती १ ऑक्टोबर २०२४ ला येणार होती. वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा जो गार्बेज कलेक्टर असतो, तो त्यात नव्या पद्धतीचा बसवला होता. सगळे बीटा झाले, दोन रिलीज कँडिडेटही झाले. आणि मग लक्षात आलं की काही प्रोग्रॅम त्याने हळू चालतायत. टीमने तो काढला, जुना परत बसवला, आणखी एक कँडिडेट दिला आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. आता विचार करा, बीटावर वेग मोजून कुणी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आकडे टाकले असते, तर ते आकडे अंतिम आवृत्तीला लागूच झाले नसते.

म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

पहिला, हे काम कुणाला द्यायचंय? कॉलेजचं सबमिशन, क्लायंटचं काम, पगार ज्यावर अवलंबून आहे तो कोड, इथे बीटा नाही. काही ठिकाणी तर नियमच आडवा येतो. ॲपलच्या एक्सकोडच्या बीटावर बनवलेलं ॲप तुम्हाला ॲप स्टोअरवर लोकांसाठी टाकता येत नाही.

दुसरा, मागे फिरता येईल का? जुनं काढून त्या जागी नवं, असं कधीच करू नका. व्हीएस कोडची रोज बदलणारी इनसायडर्स आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीच्या शेजारी वेगळी बसते. पायथॉनच्याही दोन आवृत्त्या एका मशीनवर सुखाने नांदतात, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्यायचं. आणि कोड गिटमध्ये हवाच.

तिसरा, सोबतचे लोक तयार आहेत का? तुमचा कोड एकटा नसतो, त्याच्यामागे लायब्रऱ्यांची वरात असते. बीटाच्या काळात बऱ्याच लायब्रऱ्यांची तयार पॅकेजेस त्या आवृत्तीसाठी आलेलीच नसतात. मग पिप ती सोर्सवरून बांधायला बसतो, कंपायलर मागतो, आणि तुमची रात्र एररच्या लाल ओळी वाचण्यात जाते.

परवा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं. सबमिशनला पंधरा दिवस, आणि घरात एकच लॅपटॉप, तोही भावासोबत वाटून घेतलेला. मी म्हटलं, "अजिबात नको गं. आधी प्रोजेक्ट दे, बीटा कुठे पळून जात नाही." त्याच आठवड्यात एका मुलाला मात्र मी म्हटलं, "टाकच!" त्याची स्वतःची छोटी लायब्ररी आहे, चार लोक ती वापरतात. ऑक्टोबरमध्ये त्या चौघांचं काम अडू नये, तर त्याने आत्ताच बीटावर टेस्ट चालवून बघायला हव्यात.

आणि हो, बीटा टाकलंत तर नुसतं मिरवू नका. काही बिघडलं तर बग कळवा. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, आणि चूक दाखवणारा छोटासा कोड, एवढं पुरतं. बीटा काढतात तेच मुळी यासाठी. तो गार्बेज कलेक्टर वेळेत निघाला, कारण अंतिम आवृत्ती यायच्या आधी कुणीतरी ती चालवून पाहिली आणि "हळू चालतंय" असं सांगितलं.

तर तुमच्या हातात सध्या काय आहे, सबमिशन की लायब्ररी? ते बघा आणि ठरवा. भेटू पुढच्या भागात!