स्वाध्यायाची पाच अंगे आणि शाळेतील वाचन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मंद्रूपकरांना हत्तरसंग-कुडलची वाट नव्याने सांगावयास नको. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्यातील मराठी वाक्याचा आशय आहे. भाविक त्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले, अक्षरे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती; परंतु सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती वाचून त्यांचा अर्थ लावला, तेव्हाच तो दगड बोलू लागला. अक्षर दिसणे, अक्षर उच्चारणे आणि अक्षराचा अर्थ कळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात उभे आहे.

शाळेत या तिन्हींची सर्रास गल्लत होते. मूल धडा खडखडीत वाचून दाखवते, पालक संतुष्ट होतात आणि शिक्षकही पुढे सरकतात. त्या मुलाला धडा कळला की नाही, याची परीक्षा मात्र बहुधा होतच नाही. एक गंमत करून पाहावी. ‘टिंबूने गफळीत दोन पुरके ढवसले’ असे एक निरर्थक वाक्य फळ्यावर लिहावे आणि विचारावे, ‘टिंबूने पुरके कोठे ढवसले?’ चौथीतले मूल तात्काळ उत्तर देईल, ‘गफळीत’. उत्तर बिनचूक, गुण पैकीच्या पैकी. आणि अर्थ शून्य! पाठ्यपुस्तकाखालचे कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. वाक्य शोधावे, उतरवावे, मोकळे व्हावे.

या सीमाभागात अडचण आणखी एका कारणाने वाढते. अनेक घरांत आजी कन्नडमध्ये बोलते, आई दोन्ही भाषांत बोलते आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत मात्र नदी ‘ती’, डोंगर ‘तो’ आणि शेत ‘ते’. ‘राधा नदीवर गेली. ती दुथडी भरून वाहत होती.’ येथे ‘ती’ कोण, असे विचारले असता कन्नड घरातील मूल ‘राधा’ म्हणाले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. ते मूल मंद नाही. त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणाने त्याला त्या वाटेवर नेले आहे. प्रत्येक परिच्छेदात ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणजे कोण, हे बोट ठेवून विचारणे, एवढ्या साध्या उपायाने कित्येक धडे उलगडतात. आणि अर्थ सांगताना मुलाने कन्नड शब्द वापरला, तर त्याला थांबवू नये. भाकरीला ‘रोट्टी’ म्हणणाऱ्या मुलाला भाकरी कळलेलीच असते; मराठी शब्द मागाहून सहज येतो.

आता जैन परंपरेकडे वळू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी स्वाध्याय हे अंतरंग तप मानले असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठशाळेतील मुलांना ही नावे पाठ असतात. ती एक अध्यापनपद्धती आहे, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

वाचना म्हणजे केवळ ओळींवरून डोळे फिरविणे नव्हे. सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपाद आचार्यांनी निर्दोष ग्रंथ, त्याचा अर्थ किंवा ती दोन्ही देणे, असा तिचा अर्थ केला आहे. ‘देणे’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. देणारा हवा, म्हणजे धडा उघडण्यापूर्वी शिक्षकाने काहीतरी हातात द्यावयास हवे. धडा समुद्राचा असेल आणि मुलाने समुद्र पाहिलेला नसेल, तर उजनीच्या फुगवट्यापासून आरंभ करावा. तोच धडा मालदांडी ज्वारीचा किंवा हुरड्याचा असता, तर याच मुलाने तो शहरातील मुलापेक्षा अधिक खोलवर समजून घेतला असता. पूर्वज्ञानावर आकलन किती अवलंबून असते, हे येथे दिसते.

पृच्छना हे अंग सर्वांत अधिक उपेक्षित आहे. पूज्यपादांच्या मते संशय दूर करण्यासाठी किंवा निश्चित झालेले अधिक दृढ करण्यासाठी प्रश्न विचारावा. प्रश्न विचारतो तो शिकणारा! आपल्या वर्गांत नेमके उलटे चालते. उत्तर ज्याला ठाऊक आहे तोच प्रश्न विचारतो. राजा श्रेणिकाने समवसरणात प्रश्न केले आणि गौतम गणधरांनी उत्तरे दिली, या चौकटीत आपली कितीतरी पुराणे बसविलेली आहेत. सम्राटाला विचारण्यात कमीपणा वाटला नाही. मग पाचवीतल्या मुलाला तो का वाटावा? प्रत्येक धड्यावर मुलाने स्वतःचे दोन प्रश्न लिहून आणावेत, उत्तरे नंतर पाहता येतील.

अनुप्रेक्षा म्हणजे कळलेल्या अर्थाचा मनाशी पुन्हा अभ्यास. एक परिच्छेद झाला की पुस्तक मिटावे आणि स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगता आले नाही, तर कळले नाही, हे मुलाचे मुलालाच उमजते.

आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारांसह आवृत्ती. तिची थोरवी कुणी नाकारू नये. अडखळत वाचणाऱ्याची सारी शक्ती अक्षरांतच खर्च होते. परंतु तत्त्वार्थसूत्रात तिचे स्थान चौथे आहे. श्वेतांबर आगमांतील क्रमात ती परिवर्तना या नावाने तिसरी येते. कोणत्याही क्रमात ती एकटी नाही. आपण मात्र तिच्यापासून आरंभ करून तिच्यापाशीच थांबतो. भक्तामर स्तोत्राची अठ्ठेचाळीस काव्ये मुखोद्गत असणाऱ्या मुलाला एकाही काव्याचा भाव विचारला जात नाही, आणि बक्षीस दिले जाते. ज्ञानाचाराच्या आठ अंगांत व्यंजनाचार, अर्थाचार आणि तदुभयाचार अशी तीन निराळी नावे आहेत. त्यांतील पहिल्यावरच थांबलो, तर उरलेली दोन कशासाठी?

धर्मोपदेश म्हणजे जाणलेले दुसऱ्याला सांगणे. १९८४ साली अमेरिकेत अ‍ॅनेमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन या संशोधिकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द वाचता येतात पण आशय कळत नाही, अशा सातवीच्या मुलांनी आळीपाळीने शिक्षकाची जागा घ्यावयाची, पुढे काय येईल याचा अंदाज करावयाचा, प्रश्न विचारावयाचे, अडलेले स्पष्ट करावयाचे आणि सारांश सांगावयाचा. त्या मुलांच्या आकलनात चांगली सुधारणा झाली. पृच्छना आणि धर्मोपदेश यांचे हे वर्गातील रूपच म्हणावे लागेल. यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. चार मुले आणि एक सतरंजी पुरते.

अर्थाविना जपलेले ज्ञान कसे पडून राहते, याचा अनुभव जैन समाजाने घेतला आहे. धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत होत्या. शतकानुशतके यात्रेकरूंनी त्यांचे दर्शन घेतले. वाचणारे दुर्मिळ झाले. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करविण्यासाठी पुढाकार घेतला. १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून हिंदी अनुवादासह पहिला भाग निघाला आणि एकूण सोळा भाग झाले. पोथीची पूजा करणाऱ्यांनी ती जपली, हे त्यांचे उपकार खरेच. पण ती समाजाच्या हाती आली, ती वाचणाऱ्यांमुळे.

आकलनाचा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा नाही. गुणाकार येणारे मूल शाब्दिक उदाहरणात अडते, कारण ‘प्रत्येकी’ आणि ‘एकूण’ यांतील भेद त्याला कळलेला नसतो. तेच मूल उद्या द्राक्षबागेत औषधाच्या बाटलीवरील प्रमाण वाचणार आहे, कर्जाच्या कागदावर सही करणार आहे, सातबाऱ्यावरील नोंद पाहणार आहे. तेथे वाक्य उतरवून काढून भागत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक छोटा बदल सुचवावासा वाटतो. पाठांतर स्पर्धेचे निम्मे गुण अर्थासाठी ठेवावेत. मुलाने एक श्लोक म्हणावा, त्याचा भाव घरच्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये, सांगावा आणि त्यावर स्वतःचा एक प्रश्न परीक्षकांना विचारावा. परीक्षकांना उत्तर आले नाही, तर तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि पुढच्या रविवारी पाठशाळेचा आरंभ त्याच प्रश्नाने करावा.

जय जिनेंद्र.