जाहीरनामा, जनमत आणि जीवदया

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अकलोली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी जाहीरनामा हा विषय वरवर पाहता रुक्ष वाटतो. चावडीच्या भिंतीवर डकवलेला, उन्हापावसाने फिकट झालेला कागद कोण आवडीने वाचतो? परंतु एखाद्या समाजाचे त्याच्या राज्यकर्त्यांशी नाते कसे होते, हे जाणून घ्यायचे असेल तर त्या कागदाइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. जाहीरनामा कोणत्या भाषेत निघाला, त्यात कारण दिले होते की नुसता हुकूम, आणि ज्यांना तो लागू होणार होता त्यांना बोलण्याची सवड मिळाली की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या काळाचे सारे चित्र उमटलेले असते. त्या दृष्टीने इंग्रजी अमलातील दोन प्रसंगांचा येथे विचार करावयाचा आहे. एक मुंबई शहरातील आहे आणि दुसरा या ठाणे जिल्ह्याच्या रानावनातील आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बेट आणि बेटाबाहेरचा मुलूख यांचे कायदे वेगवेगळे होते. बेटासाठी गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल ‘रूल, ऑर्डिनन्स अँड रेग्युलेशन’ या नावाने नियम करीत आणि ते वरिष्ठ न्यायालयात नोंदले गेल्यावर अमलात येत. १८१२ सालच्या अशाच एका नियमाने मुंबईच्या पोलीस व्यवस्थेची घडी बसवली गेली. शहरासाठी मॅजिस्ट्रेट नेमले गेले आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘पेटी सेशन्स’चे न्यायालय उभे राहिले. पेशवाईच्या अस्ताच्या सुमारास भिवंडी-कल्याणसह जो मुलूख कंपनीकडे आला, त्याच्यासाठी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२७ ची संहिता तयार झाली. प्रत्येक नियमाच्या आरंभी तो करण्याचे कारण नमूद करावे आणि नियमांची देशी भाषांत भाषांतरे व्हावीत, हे तत्त्व त्या व्यवस्थेत मान्य झालेले होते. तत्त्व उत्तमच होते. मात्र नमुना एक आणि गाठीतला माल दुसरा, असा अनुभव व्यापारात येतो तसा तो राज्यकारभारातही येतो.

आता पहिला प्रसंग. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा उपद्रव होता. पिसाळलेले कुत्रे चावल्यास माणूस वाचत नसे. लुई पाश्चर यांनी या रोगावरील लस माणसाला प्रथम टोचली ती १८८५ साली. त्यामुळे अधिकाऱ्यांची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही. या भीतीपोटी १८१३ पासून वर्षातील ठराविक काळात मोकाट कुत्री मारण्याची मुभा नियमाने दिली गेली. हा काळ १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा होता. लोकांना हे रुचत नसे, तरी मुदत ठरलेली असल्याने ते कसेबसे सोसले जात होते.

१८३२ साली मॅजिस्ट्रेटांनी उन्हाळ्याची ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. शिवाय मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. ज्या कामाला नगावर पैसे मिळतात, ते काम नगावरच होते. कुत्रे पिसाळलेले आहे की नाही, मोकाट आहे की कोणाच्या ओटीवरचे आहे, हे पाहण्याची गरज बक्षीस घेणाऱ्याला उरली नाही. जाहीरनाम्याचा हेतू रोगाचा बंदोबस्त हा होता, बक्षिसाचा हेतू संख्या हा झाला. आणि लोकांच्या डोळ्यांसमोर होती ती संख्या.

पारशी समाजात कुत्र्याला धर्मदृष्ट्या मोठे स्थान आहे. मृत्यूनंतरच्या ‘सगदीद’ या विधीत कुत्र्याची दृष्टी शवावर पडणे आवश्यक मानले जाते. जैनांना तर कोणत्याही पंचेंद्रिय जीवाची हत्या असह्यच. हिंदू व्यापारीही भूतदयेच्या संस्कारात वाढलेले. अशा तिन्ही समाजांच्या वस्तीत, ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटाच्या भागात कुत्री मारण्याचे काम सुरू राहिले. सुमारे २०० पारशांचा जमाव जमला आणि त्याने दोन युरोपियन शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही उतरले. जमाव सुमारे ५०० पर्यंत वाढला. कुलाबा त्या वेळी मुंबईशी पक्क्या रस्त्याने जोडलेले नव्हते. तो बांध १८३८ साली पूर्ण झाला. त्या कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रोजची रसद लोकांनी अडवली. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, लष्कर आले आणि धरपकड झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरोपींवर खटले चालून काहींना कारावासाच्या शिक्षा झाल्या.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा नको. जीवदयेच्या नावाने माणसांवर हात उगारणे हे जीवदयेच्या तत्त्वाला सोडूनच होते. अहिंसेचा आग्रह हिंसेने धरता येत नाही. परंतु दोष एकट्या जमावाचा होता असेही नाही. ज्या शहराचे व्यवहार शेटियांच्या शब्दावर चालत, त्या शहरात इतक्या नाजूक विषयाची मुदत वाढवताना एकाही शेटियाला विश्वासात घेण्याची गरज मॅजिस्ट्रेटांना वाटली नाही, ही खरी चूक होती. नियमाची भाषा कायदेशीर होती, परंतु तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्याशी संवाद झालेला नव्हता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्याच वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले होते. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. राज्यकर्ते आणि रयत यांनी एकमेकांचे म्हणणे वाचावे, ही निकड जाणत्यांना तेव्हाच पटलेली होती.

दंगलीनंतरची हकीकत अधिक बोधप्रद आहे. शहरातील प्रमुख व्यापाऱ्यांनी दंगलीपासून अंतर राखून सरकारकडे अर्ज केला. त्यात जमशेटजी जीजीभाई अग्रभागी होते. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, हा तोडगा पुढे आला. परंतु शहराबाहेर सोडलेल्या मुक्या जनावराने खायचे काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर व्यापाऱ्यांनी सरकारकडे मागितले नाही, ते स्वतः दिले. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईच्या पांजरापोळ संस्थेची स्थापना झाली. जमशेटजींच्या बरोबरीने जैन समाजातील सुप्रसिद्ध शेठ मोतीशा, म्हणजेच मोतीचंद अमीचंद, यांचा त्यात मोठा वाटा होता. भायखळ्याचे आदीश्वर भगवंताचे मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे शेठ.

संस्था चालवायची तर नित्याचे उत्पन्न हवे. त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपापसांत ठराव करून कापूस, साखर, अफू अशा मालाच्या उलाढालीवर ‘लागा’ बसवला. हा कर कोणत्याही गॅझेटात छापलेला नव्हता, त्याच्या वसुलीसाठी शिपाई नव्हता आणि न भरणाऱ्याला तुरुंग नव्हता. तरीही तो हिशेबाच्या वहीत जमा होत राहिला, कारण ज्यांनी तो भरायचा त्यांनीच तो ठरवला होता. सरकारी नियम मोडण्यासाठी दोन वर्षांपूर्वी ज्या पेठा बंद झाल्या, त्याच पेठांनी स्वतः केलेला नियम मात्र मुकाट्याने पाळला. स्थानिक नियमन कशाला म्हणतात, याचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण आहे.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर हिशेब अपुरा राहील. त्या काळच्या मोठमोठ्या शेटियांच्या संपत्तीत चीनच्या अफू-व्यापाराचा हिस्सा मोठा होता. जमशेटजी आणि मोतीशा हेही त्यास अपवाद नव्हते. एका बाजूला मुक्या प्राण्यासाठी कळवळा आणि दुसऱ्या बाजूला परदेशातील माणसाच्या व्यसनावर मिळालेला नफा, ही विसंगती इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. पूर्वजांचा गौरव करताना जमेबरोबर नावेची बाजूही वाचावी, तरच खाते खरे ठरते.

या घडामोडींचा परिणाम राज्यकारभारावरही दिसू लागला. १८३२ सालच्याच ब्रिटिश कायद्याने हिंदी माणसांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ होण्याचा मार्ग खुला झाला आणि १८३४ मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभाई, जगन्नाथ शंकरशेट आदींची त्या पदावर नेमणूक झाली. हा कायदा केवळ दंगलीमुळे झाला असे नव्हे, त्यामागे इतरही कारणे होती. परंतु शहराचे नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत शहरातील माणसे बसू लागली, हे महत्त्वाचे.

आता दुसरा प्रसंग, तानसा नदीच्या या खोऱ्याला अधिक जवळचा. १८७८ साली हिंदुस्थानचा वनकायदा झाला. एखादे रान राखीव करायचे तर सरकारने तसा इरादा गॅझेटात जाहीर करावा, नंतर वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या प्रत्येक गावात तेथील भाषेत जाहीरनामा लावावा आणि हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी, अशी त्यात तरतूद होती. कागदावर पाहिले तर मुंबईच्या १८३२ च्या हुकुमापेक्षा ही पद्धत कितीतरी न्याय्य होती. भाषा गावाची, मुदत तीन महिन्यांची आणि ऐकून घेणारा अधिकारीही नेमलेला.

परंतु त्याच कायद्यात पुढे असेही होते की, जो हक्क मुदतीत सांगितला गेला नाही, तो सबळ कारण दाखवता न आल्यास नष्ट समजावा. ठाणे जिल्ह्यातील वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि कुणबी यांच्यात अक्षरओळख असणारी माणसे किती असणार? चावडीवर कागद लागला, फार तर दवंडी पिटली गेली, परंतु पाड्यावरच्या माणसाला त्याचा अर्थ कळला तो रानात गेल्यावर रखवालदाराने कुऱ्हाड हिसकावून घेतली तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट हाच त्याचा दस्तऐवज होता आणि त्या दस्तऐवजावर शिक्का नव्हता.

यात कळीचा प्रश्न राबाचा होता. कोकणपट्टीत भात आणि नाचणीच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी झाडांचे टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर वर्षाचे अन्न नाही, अशी शेतकऱ्याची धारणा. वनखात्याच्या नजरेला मात्र त्यात केवळ रानाचा नाश दिसे. ठाणे जिल्ह्यात असंतोष वाढला, अर्ज-विनंत्या झाल्या, वृत्तपत्रांतून टीका झाली. शेवटी सरकारला १८८५ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राबाच्या सवलतीचा प्रश्न त्यात प्रमुख होता. मुंबईत पेठा बंद पडल्यावर दाद लागली, ठाण्याच्या पाड्यांना मात्र वर्षानुवर्षे थांबावे लागले. अर्ज लिहिणारा हात आणि ऐकून घेणारा कान ज्याला लाभतो, त्याच्यासाठीच जाहीरनाम्याची मुदत पुरेशी असते, हा या दोन प्रसंगांतील फरक आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना सांगण्याचे आणि स्थानिक भाषा विचारात घेऊन माहिती प्रसृत करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरील दावे स्वीकारण्याचे काम ग्रामसभेकडे दिले. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत निर्बीजीकरण व लसीकरण यांचा मार्ग २००१ च्या नियमांनी घालून दिला आणि त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. तरीही २०२५ साली हाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढे उभा होता. माणसाची सुरक्षितता आणि मुक्या जीवाची दया यांचा मेळ घालणे १८३२ साली जितके अवघड होते, तितकेच आजही आहे. चावलेल्या बालकाच्या आईचे दुःख आणि भूतदयेचा आग्रह, दोन्ही खरे आहेत. एकाचा आवाज दाबून दुसऱ्याला न्याय मिळत नाही.

सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने यातून घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने न्यासांवर बंधने घातली आहेत. विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत कळवावा, स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकू नये, हिशेब तपासून घ्यावेत. काहींना हा जाच वाटतो. परंतु संस्थेचे धन समाजाचे आहे आणि समाजाला विचारण्याचा हक्क आहे, एवढेच त्या कलमांचे सार आहे. शासनाने जनतेला कारण सांगावे अशी अपेक्षा करणाऱ्या संस्थेने आपल्या सभासदांनाही ठराव, हिशेब आणि सूचना समजेल अशा भाषेत, वेळेवर आणि खुल्या फलकावर दिल्या पाहिजेत. सभेची सूचना ज्याला वाचता येत नाही, त्याच्या घरी जाऊन ती सांगण्याचे श्रम कार्यकर्त्यांनी घेतले पाहिजेत. ठाण्याच्या रानातील माणसाला तेवढे श्रम कोणी घेऊन सांगितले असते, तर अनेकांच्या वहिवाटी वाचल्या असत्या.

ज्या नियमाचे कारण माणसाला पटते, तो नियम तो रात्रीच्या अंधारातही पाळतो. जो पटत नाही, तो शिपायाची पाठ फिरेपर्यंतच पाळतो. पांजरापोळीचा लागा आणि कुत्री मारण्याचा हुकूम, दोन्ही एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने निघाले. पहिल्यामागे संमती होती, दुसऱ्यामागे केवळ सत्ता होती. सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण केलेल्या प्रत्येक संस्थेने हा भेद ध्यानात ठेवावा आणि आपला प्रत्येक ठराव पहिल्या प्रकारचा व्हावा यासाठी झटावे, एवढीच नम्र अपेक्षा.